प्रमाण, प्रमाणपत्र आणि प्रामाण्य : प्रक्रिया-सुधारणेच्या व्यावसायिक शिक्षणाविषयी काही विचार

१. विषयप्रवेश

एखादी विद्या समाजात स्थिरावण्यापूर्वीच तिची परिभाषा लोकांच्या तोंडी बसते, हा भाषेच्या अभ्यासकांच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. ‘सिक्स सिग्मा’, ‘लीन’, ‘कायझेन’, ‘ग्रीन बेल्ट’, ‘ब्लॅक बेल्ट’ हे शब्द गेल्या तीन दशकांत अशाच रीतीने आपल्याकडे आले. प्रथम ते कारखान्यांत ऐकू येत. पुढे बँका, रुग्णालये, विमाकंपन्या आणि संगणकीय सेवा पुरविणाऱ्या संस्था यांच्या व्यवहारात ते शिरले. आणि आता नोकरीच्या जाहिरातींत अपेक्षित पात्रतेच्या रकान्यातही ते आढळतात. वाणिज्य वा अभियांत्रिकी या शाखांचाच नव्हे, तर भाषा, इतिहास, समाजशास्त्र या विषयांचा पदव्युत्तर विद्यार्थीही पदरचे शुल्क भरून असे एखादे प्रमाणपत्र मिळवू पाहतो. अशा वेळी त्या प्रमाणपत्राने नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न केवळ पंडिती कुतूहलाचा राहत नाही.

या प्रश्नाकडे वळण्यास मराठी भाषेतच एक सोयीचे द्वार आहे. ‘प्रमाण’ हा शब्द आपण निदान चार अर्थांनी वापरतो. ‘मिठाचे प्रमाण’ म्हणताना तो माप दर्शवितो. ‘प्रमाणभाषा’ किंवा ‘प्रमाणवेळ’ या शब्दांत तो सर्वमान्य आदर्श दर्शवितो. ‘याला प्रमाण काय?’ असे विचारले जाते तेव्हा त्याचा अर्थ पुरावा असा असतो. आणि ‘गुरुवचन प्रमाण मानणे’ या प्रयोगात तो अधिकारी व्यक्तीच्या शब्दाचा निदर्शक असतो. माप, आदर्श, पुरावा आणि अधिकारवचन हे चारही अर्थ प्रक्रिया-सुधारणेच्या शिक्षणात एकत्र येतात. ते एकमेकांत मिसळू दिले म्हणजे गोंधळ माजतो. वेगळे ठेवले म्हणजे विषय पुष्कळसा स्वच्छ होतो. प्रस्तुत विवेचनाचा हेतू एवढाच आहे.

२. पूर्वपीठिका

या विद्येचा उगम कारखान्यात झाला. १९२४ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक अल्पसे टिपण सादर केले आणि त्यात नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. एकाच यंत्रावर, एकाच कारागिराने केलेल्या वस्तूंतही थोडाफार फरक पडतोच. त्यांपैकी काही फरक प्रक्रियेच्या स्वभावातच असतो, तर काही फरकामागे शोधून काढता येण्याजोगे विशिष्ट कारण असते. पहिल्याच्या मागे लागून उपयोग नाही आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हे शूहार्ट यांच्या विचाराचे सार होय. १९३१ साली त्यांनी हा विचार ग्रंथरूपाने मांडला.

भारताशी या परंपरेचा संबंध समजला जातो त्याहून जुना आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले. त्यानंतरच्या दशकात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने सांख्यिकीय गुणवत्ता-नियंत्रणाची केंद्रे उघडली व त्यांत मुंबईचाही समावेश होता. जपानमध्ये तेथील शास्त्रज्ञ व अभियंते यांच्या संघाने १९५० साली डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांना व्याख्यानांसाठी बोलाविले. १९५१ साली त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. १९५४ साली जोसेफ जुरान तेथे गेले. टोयोटा कंपनीत ताईची ओनो यांनी उत्पादनाची जी पद्धत घडविली तिचा भर निरर्थक खटाटोप, म्हणजे जपानी भाषेत ‘मुदा’, काढून टाकण्यावर होता. (संस्कृतात ‘मुदा’ म्हणजे ‘आनंदाने’, ध्वनिसाम्यावरून अर्थसाम्य गृहीत धरू नये याचे हे एक बरे उदाहरण आहे.) या पद्धतीला ‘लीन’ हे इंग्रजी विशेषण १९८८ साली जॉन क्राफसिक यांनी एका लेखात लावले आणि तेच पुढे रूढ झाले.

‘सिक्स सिग्मा’ हे नाव १९८६ साली मोटोरोला कंपनीत पुढे आले. त्याचे श्रेय बिल स्मिथ या अभियंत्याला देण्यात येते. मायकेल हॅरी यांनी त्या विचाराला पद्धतीचे रूप दिले. १९८८ साली मोटोरोलाला अमेरिकेचे माल्कम बाल्ड्रिज राष्ट्रीय गुणवत्ता पारितोषिक मिळाले. १९९५ नंतर जॅक वेल्श यांच्या नेतृत्वाखाली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ही पद्धत सर्व विभागांत सक्तीने लागू केली आणि तेव्हापासून तिचा जगभर प्रसार झाला.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. प्रारंभीच्या काळात शिक्षण देणारी, काम करून घेणारी आणि ‘हा मनुष्य तयार झाला’ असे म्हणणारी संस्था एकच होती, आणि ती म्हणजे तो कारखाना. शिकणाऱ्याचे काम शिकविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडत असे. प्रमाणपत्र हे त्या ओळखीचे केवळ लेखी रूप होते. पुढे शिक्षण कारखान्याबाहेर पडले, त्याचा स्वतंत्र व्यवसाय झाला, आणि काम पाहणारा एक व प्रमाणपत्र देणारा दुसरा अशी स्थिती उत्पन्न झाली.

३. माप म्हणून प्रमाण

‘सिग्मा’ हे ग्रीक वर्णमालेतील अक्षर होय. १८९४ साली कार्ल पिअर्सन यांच्या लेखनात ते विचलनाच्या एका मापाचे चिन्ह म्हणून आले. त्या मापाला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘प्रमाण विचलन’ म्हणतात. सरासरीपासून निरनिराळी मापे किती दूर विखुरली आहेत ते या संख्येने कळते. ग्राहकाला चालेल अशी मर्यादा सरासरीपासून सहा प्रमाण विचलने दूर असेल, तर त्या मर्यादेबाहेर जाणारी वस्तू अत्यंत विरळा, असा ‘सिक्स सिग्मा’ या नावाचा मूळ अर्थ आहे.

ही विरळता किती, याची दोन उत्तरे प्रचारात आहेत. प्रक्रियेची सरासरी मुळीच ढळत नाही असे मानले, तर दोन्ही बाजूंचे मिळून शंभर कोटींत सुमारे दोन दोष निघतात. परंतु दीर्घ काळात सरासरी दीड प्रमाण विचलनाइतकी ढळू शकते, असे मोटोरोलाच्या अभियंत्यांनी गृहीत धरले. तसे केल्यास वस्तुतः साडेचार प्रमाण विचलनांपलीकडचा भागच हिशेबात येतो व उत्तर दहा लाखांत ३.४ दोष असे येते. प्रशिक्षणवर्गांत शिकविला जाणारा आकडा हा दुसरा होय. दोन उत्तरांत सुमारे सतराशे पटींचे अंतर आहे, आणि ते केवळ एका गृहीतकामुळे पडलेले आहे. दीड हा आकडा अनुभवावर आधारलेला संकेत आहे. तो गणिताचा सिद्धांत नव्हे.

मापनातील दुसरा संकेत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन ओळखीचा वाटेल. समजा, एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने एका महिन्यात ५०० गुणपत्रके दिली आणि त्यांत एकूण ४० चुका सापडल्या. प्रत्येक गुणपत्रकात चूक होण्याच्या जागा चार आहेत असे ठरविले (नाव, आसनक्रमांक, विषय आणि गुण), तर एकूण जागा २,००० होतात. चुकांचा दर दहा लाखांत २०,००० येतो आणि प्रचलित कोष्टकानुसार त्या विभागाची पातळी सुमारे ३.५५ सिग्मा ठरते. आता त्याच गुणपत्रकात चूक होण्याच्या जागा दहा आहेत असे ठरवू. एकूण जागा ५,००० झाल्या, दर दहा लाखांत ८,००० झाला आणि पातळी सुमारे ३.९१ पर्यंत चढली. चुका तितक्याच राहिल्या, विद्यार्थ्यांचे हेलपाटेही तितकेच राहिले. केवळ मोजण्याचे एकक बदलले.

एखाद्या भाषेत स्वनिम किती, या प्रश्नाचे उत्तर विश्लेषणाच्या एककावर अवलंबून असते, हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. तोच न्याय येथे लागू पडतो. मापनाचे खरे कौशल्य सूत्रात आकडे घालण्यात नसून ‘दोष कशाला म्हणावयाचे’ आणि ‘तो कोठे होऊ शकतो’ यांच्या व्याख्या प्रामाणिकपणे ठरविण्यात आहे. चांगल्या प्रशिक्षणात या भागावर सर्वांत अधिक वेळ जातो. सुमार प्रशिक्षणात तो एका दुपारी उरकला जातो.

४. कार्यपद्धती व तिचे शिक्षण

या पद्धतीचे पाच टप्पे सांगतात : व्याख्या, मापन, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण. इंग्रजी आद्याक्षरांवरून हा क्रम ‘डमेइक’ या नावाने ओळखला जातो. वरच्याच उदाहरणात पाहावयाचे तर प्रथम कोणती तक्रार दूर करावयाची ते निश्चित करावे लागेल. मग चुका मोजाव्या लागतील. पुढे त्या कोणत्या टेबलावर, कोणत्या दिवशी आणि कशामुळे होतात हे शोधावे लागेल. कदाचित असे आढळेल की बहुतेक चुका हातांनी लिहिलेली नावे संगणकात उतरवून घेताना होतात. तसे असल्यास विद्यार्थ्याकडूनच नाव तपासून घेण्याची व्यवस्था करता येईल. शेवटी, तीन महिन्यांनी जुनी सवय परत येऊ नये म्हणून नोंदीची नियमित पद्धत घालून द्यावी लागेल.

यात गूढ असे काही नाही. मात्र वर्गात बसून हे पाच शब्द पाठ करणे आणि एखाद्या कार्यालयातील माणसांना विश्वासात घेऊन ते पार पाडणे यांत पोहण्याविषयीचे पुस्तक वाचणे आणि पोहणे यांइतके अंतर आहे. म्हणूनच जुन्या पद्धतीत ब्लॅक बेल्टचे शिक्षण सुमारे चार आठवड्यांचे असे व ते सलग नसे. एक आठवडा वर्गात शिकावे, काही आठवडे आपल्या प्रकल्पावर ते वापरावे आणि अडचणी घेऊन पुन्हा वर्गात यावे, असा क्रम चार-एक महिने चाले. प्रकल्प हा शिक्षणाला जोडलेला उपचार नव्हता. शिक्षणाचा तो गाभाच होता.

पायऱ्यांची रचना साधारणतः पुढीलप्रमाणे असते. यलो बेल्टला मूलभूत कल्पना समजतात व तो प्रकल्पात साहाय्य करतो. ग्रीन बेल्ट आपले नेहमीचे काम सांभाळून लहान प्रकल्प चालवितो. ब्लॅक बेल्ट पूर्ण वेळ सुधारणेचे काम करतो व सांख्यिकीच्या साधनांत निष्णात असतो. मास्टर ब्लॅक बेल्ट इतरांना शिकवितो व मार्गदर्शन करतो. प्रकल्पाला पाठबळ देणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला चॅम्पियन म्हणतात.

पट्ट्यांचे हे रूपक जपानी युद्धकलांतून घेतले आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान ही ज्यूदोची शाळा स्थापन केली आणि त्याच दशकात काळ्या पट्ट्याचा उपयोग सुरू केला. ज्यूदोमधील काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला ‘शोदान’ म्हणतात. तिचा शब्दशः अर्थ ‘प्रारंभीची पायरी’ असा आहे. पायाभूत शिक्षण संपले, आता खरी साधना सुरू होईल, असा तिचा भाव. उद्योगक्षेत्रात आल्यावर हाच पट्टा शिखराचे चिन्ह झाला. रूपकाच्या स्थलांतरात आणखीही एक गोष्ट मागे राहिली. ज्यूदोमध्ये पट्टा कोणत्या शाळेने, कोणत्या गुरूने दिला हे ठाऊक असते आणि त्याची कसोटी आखाड्यात कोणत्याही दिवशी घेता येते. उद्योगक्षेत्रात रंग आले, श्रेणी आल्या. शाळा आणि आखाडा मात्र आले नाहीत.

५. आदर्श म्हणून प्रमाण

येथे असा आक्षेप संभवतो की, वैद्यकीला वा वकिलीला जशी नियामक मंडळे आहेत तशी या विद्येलाही असतील. वस्तुस्थिती तशी नाही. ‘सिक्स सिग्मा’ या नावाची व्यापारखूण म्हणून नोंदणी मोटोरोलाने केली होती. परंतु व्यवहारात ते विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. पट्ट्यांच्या नावांवर तर कोणाचीच मालकी नाही. ब्लॅक बेल्ट ही पदवी देण्याचा अनन्य अधिकार असलेली संस्था जगात कोठेही नाही. एखादे विद्यापीठ, एखादी कंपनी, एखादी व्यावसायिक संघटना किंवा दोन खोल्यांतून चालणारा एखादा वर्ग, यांपैकी कोणीही ती देऊ शकतो.

आदर्श ठरविण्याचे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेत १९४६ साली गुणवत्ता-नियंत्रणाच्या अभ्यासकांची संघटना स्थापन झाली आणि १९९७ पासून ती अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी या नावाने ओळखली जाते. तिच्या ब्लॅक बेल्ट परीक्षेस बसण्यासाठी पूर्ण केलेल्या दोन प्रकल्पांची, किंवा एक प्रकल्प व तीन वर्षांचा अनुभव यांची, स्वाक्षरीनिशी ग्वाही द्यावी लागते. आणि तीन वर्षांनी प्रमाणनाचे नूतनीकरण करावे लागते. भारतीय सांख्यिकी संस्थेचा गुणवत्ता-नियंत्रण विभागही असे अभ्यासक्रम चालवितो आणि त्याची केंद्रे मुंबई व पुणे येथेही आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, २०११ साली १३०५३ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध करून पाच टप्प्यांची पद्धत लिहून काढली व २०१५ साली १८४०४ क्रमांकाच्या मानकात निरनिराळ्या पट्ट्यांना कोणती कौशल्ये अवगत असावीत ते सांगितले. तथापि आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती आदर्श लिहिते. त्याच्याशी मेळ आहे की नाही हे इतरांनी तपासावयाचे असते.

या संदर्भात व्यक्तींचे प्रमाणन करणाऱ्या संस्थांसाठी असलेले १७०२४ क्रमांकाचे मानक विशेष महत्त्वाचे आहे. २००३ साली ते प्रथम आले आणि २०१२ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. एकाच संस्थेने शिक्षणही द्यावे आणि प्रमाणनही करावे यात निःपक्षपातीपणाला धोका आहे, असे हे मानक स्पष्टपणे मानते आणि त्या धोक्याचे निवारण कसे केले हे दाखविण्याची जबाबदारी संस्थेवर टाकते. ज्याने शुल्क घेऊन शिकविले त्यानेच उत्तीर्ण ठरवावयाचे असेल तर अनुत्तीर्ण ठरविणे त्याला महाग पडते, ही साधी गोष्ट या नियमाच्या मुळाशी आहे.

६. पुरावा आणि वदंता : एक उदाहरण

माप, आदर्श, पुरावा आणि अधिकारवचन यांची सरमिसळ कशी होते याचे बोधप्रद उदाहरण महाराष्ट्राच्या राजधानीत घडले आहे. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० च्या सुमारास सुरू झाल्याचे सांगतात आणि महादू हावजी बच्चे यांचे नाव तिचे प्रवर्तक म्हणून घेतले जाते. ‘डबेवाल्यांना सिक्स सिग्माचे प्रमाणपत्र मिळाले आहे’ हे वाक्य भाषणांत, पाठ्यपुस्तकांत व व्यवस्थापनाच्या वर्गांत शेकडो वेळा उच्चारले गेले आहे. हे प्रमाणपत्र ‘फोर्ब्स’ या अमेरिकन नियतकालिकाने दिले, असेही त्यात जोडले जाते.

प्रत्यक्षात घडले ते असे. १९९८ साली त्या नियतकालिकात डबेवाल्यांवर एक लेख आला. चूक कितीदा होते, असे लेखकाने संघटनेच्या अध्यक्षांना विचारले असता, जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांत एखादी, अशा आशयाचे उत्तर मिळाले. रोजचे सुमारे पावणेदोन लाख डबे हिशेबात घेऊन लेखकाने गणित मांडले : ऐंशी लाख फेऱ्यांत एक चूक, आणि रिकामे डबे परत नेण्याची फेरी धरल्यास एक कोटी साठ लाखांत एक. ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द त्या लेखात नव्हता. तो पुढे वार्ताहरांच्या लेखणीतून आला आणि त्यापाठोपाठ ‘प्रमाणपत्र’ही आले. नियतकालिकाने असे कोणतेही प्रमाणपत्र दिलेले नाही, असा खुलासा मूळ लेखकाने नंतर केला; पण तोवर आख्यायिका दूरवर पोहोचली होती.

या कथेचे पृथक्करण उद्बोधक आहे. तोंडी दिलेला अंदाज गणितात शिरला व माप झाला. मापाची तुलना आदर्शाशी झाली. आणि तुलनेचा निष्कर्ष अधिकारवचन म्हणून फिरू लागला. प्रत्येक पायरीवर शब्द बदलला, मात्र नवा पुरावा कोठेच जमा झाला नाही. शिवाय, एक कोटी साठ लाखांत एक हा दर खरा मानला तरी तो कोणत्या ‘सिक्स सिग्मा’त बसतो? दहा लाखांत ३.४ या संकेताच्या तो फार पुढे आहे; शंभर कोटींत दोन या मूळ अर्थापासून मात्र तो सुमारे तीस पटींनी मागे पडतो. एकच काम एका व्याख्येने उत्तीर्ण आणि दुसरीने अनुत्तीर्ण!

यामुळे डबेवाल्यांच्या कर्तबगारीला उणेपणा येत नाही. हार्वर्डचे प्राध्यापक स्टीफन टॉमके यांनी २०१० साली त्यांच्या व्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. डब्याच्या झाकणावरील मोजकी चिन्हे, लोकलगाड्यांच्या वेळापत्रकाने घालून दिलेली शिस्त, स्वायत्त लहान गट आणि सभासदांचे परस्परांशी असलेले नाते यांतून ही अचूकता साधते, हे अशा अभ्यासांतून दिसून येते. तेथील नवा माणूस जुन्या माणसाबरोबर फिरून काम शिकतो. त्याच्या शिक्षणाचा कागद नसतो. पण दुपारी जेवणाच्या वेळी समोर आलेला आपला डबा हा ग्राहकाच्या दृष्टीने प्रत्यक्ष पुरावा असतो. म्हणजे प्रमाणपत्रावाचून गुणवत्ता असू शकते. याचाच व्यत्यास असा की, गुणवत्तेवाचून प्रमाणपत्रही असू शकते.

७. अधिकारवचन म्हणून प्रमाण

प्रमाणपत्र ही मूलतः एक भाषिक कृती आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९५५ सालच्या व्याख्यानांतून, आणि १९६२ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथातून, उच्चाराने कृती कशी घडते याचा विचार रूढ झाला. ‘अमुक व्यक्ती पात्र आहे असे प्रमाणित करण्यात येते’ हे वाक्य केवळ माहिती देत नाही. ते पात्रता बहाल करते. मात्र अशी कृती सफल होण्यासाठी ती करणाऱ्याला अधिकार असावा लागतो. पंचाने ‘बाद’ म्हटले तर फलंदाज बाद होतो. प्रेक्षकाने कितीही ओरडून म्हटले तरी होत नाही.

हा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला न्यायदर्शनाने फार पूर्वी उत्तर दिले आहे. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला नैयायिक शब्द हे चौथे प्रमाण मानतात. परंतु ज्याच्या त्याच्या शब्दाला नव्हे, तर आप्ताच्या शब्दाला. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असेही भाष्यकार म्हणतो. म्हणजे आप्तत्व कुळावर, नावावर वा प्रतिष्ठेवर अवलंबून नाही. ते जाणण्यावर व खरे सांगण्यावर अवलंबून आहे.

ही कसोटी प्रक्रिया-सुधारणेच्या प्रमाणपत्रांना लावली असता तीन प्रश्न निष्पन्न होतात. पहिला : प्रमाणपत्र देणाऱ्याने उमेदवाराचे काम पाहिले काय, की केवळ उत्तरपत्रिका पाहिली, की केवळ हजेरी पाहिली? दुसरा : जसे पाहिले तसे सांगण्यात त्याला काही अडचण आहे काय, विशेषतः शिकविणारा आणि उत्तीर्ण ठरविणारा एकच आहे काय? तिसरा : त्याने नेमके काय सांगितले आहे? ‘वर्गास उपस्थित होता’, ‘परीक्षा उत्तीर्ण झाला’ आणि ‘प्रकल्प यशस्वी केला’ ही तीन भिन्न विधाने आहेत आणि त्यांच्या सत्यतेच्या अटीही भिन्न आहेत. दुर्दैवाने तिन्हींना मराठीत आपण ‘प्रमाणपत्र’ असे एकच नाव देतो.

येथे परिभाषेने थोडे साहाय्य केले पाहिजे. पहिल्याला उपस्थितिपत्र, दुसऱ्याला उत्तीर्णतापत्र आणि निःपक्षपाती तपासणीनंतर ठराविक मुदतीसाठी दिल्या जाणाऱ्या तिसऱ्यालाच प्रमाणन म्हणावे. शब्द वेगळे झाले म्हणजे ठकबाजी थांबेल असे नाही. परंतु ठकणाऱ्याला निदान प्रश्न विचारण्यास शब्द मिळतील.

८. समारोप

या विद्येचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. जेथे तेच काम पुनःपुन्हा करावे लागते तेथे फरक मोजणे, त्याची कारणे शोधणे आणि सुधारणा टिकविणे यांचे मोल निर्विवाद आहे. आणि परीक्षा विभाग, ग्रंथालय, रुग्णालय यांसारख्या सार्वजनिक संस्थांना त्याची कारखान्यांहून कमी गरज नाही. प्रश्न विद्येचा नसून तिच्या नावाने दिल्या जाणाऱ्या वचनाचा आहे.

अशा अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने शुल्क भरण्यापूर्वी पट्ट्याचा रंग न पाहता वरील तीन प्रश्न विचारावेत, आणि शक्य असल्यास आधी आपल्याच भोवतालची एखादी लहानशी प्रक्रिया घेऊन तिच्यातील चुका महिनाभर मोजून पाहाव्यात. त्या मोजणीची वही कोणत्याही स्वाक्षरीवाचून पुरावा ठरते. नियुक्ती करणाऱ्यांनीही पात्रतेच्या रकान्यात पट्ट्याचे नाव घालून न थांबता ‘कोणता प्रकल्प, किती काळ, आणि सुधारणा आजही टिकून आहे काय’ असे विचारावे. प्रमाणपत्राला प्रामाण्य येते ते त्यामागे काम पाहणारे डोळे असतील तरच; ते नसतील तर उरतो तो केवळ कागद.